बोर्ड एडिटरला दिसत नाही, तेव्हा एडिटर सोडून बाकी सगळं तपासा

चिपळूणहून पदविकेच्या तिसऱ्या वर्षातल्या चौघांनी मिळून प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात असा: भाताच्या खाचरातली पाण्याची पातळी मोजायचा प्रकल्प आहे. त्यासाठी तीस पिनांचा ईएसपी३२ डेव्हकिट (ईएसपी३२ ही मुख्य चिप असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घेतला. लॅपटॉपवर विंडोज ११, त्यावर व्हीएस कोड हा एडिटर आणि त्यात बोर्डावर प्रोग्रॅम चढवणारं प्लॅटफॉर्मआयओ हे एक्स्टेंशन. बोर्ड जोडला की लाल दिवा लागतो, पण एडिटरमध्ये पोर्ट येत नाही. अपलोड दाबलं की ‘प्लीज स्पेसिफाय अपलोड पोर्ट’ असा संदेश येतो. व्हीएस कोड तीनदा काढून पुन्हा बसवला, आता लॅपटॉप फॉरमॅट करायची तयारी चालली आहे. सादरीकरण दहा दिवसांवर आलंय. बोर्डच खराब आलाय का?

लॅपटॉप फॉरमॅट करू नका. नवा बोर्डही एवढ्यात मागवू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात एडिटरचा दोष असल्याची एकही खूण मला दिसत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय. त्यात तुमच्या इतक्या रात्री गेल्या याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण गोंधळाची सुरुवात तुमच्यापासून नाही, आपल्या बोलण्यापासून होते. ‘एडिटरला बोर्ड दिसत नाही’ असं आपण सगळेच म्हणतो. एडिटर बोर्डाकडे बघतच नाही. तो विंडोजला विचारतो, ‘तुझ्याकडे सिरीयल पोर्ट कोणकोणते आहेत?’ आणि मिळालेली यादी आपल्यासमोर ठेवतो. यादीच रिकामी असेल तर कुठलाही एडिटर, कितीही वेळा बसवला, तरी रिकामीच यादी दाखवेल.

त्या यादीत नाव येण्याआधी काय काय घडतं ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. बहुतेक केबलींत लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि हिरवी-पांढरी या डेटाच्या. लाल-काळीतून वीज आली, बोर्डावरच्या रेग्युलेटरने तिचे ३.३ व्होल्ट केले, की तुमचा लाल दिवा लागतो. लाल दिव्याचा अर्थ इतकाच. त्यानंतर बोर्डावरची यूएसबीची छोटी चिप (धातूच्या टोपणाखालचा ईएसपी३२ नव्हे, सॉकेटजवळची ती काळी चौकोनी) डेटाच्या डी-प्लस तारेला दीड किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढते. लॅपटॉपला तेवढ्यावरून कळतं की दारात कुणीतरी आलंय. मग तो विचारतो, तू कोण? चिप दोन क्रमांक सांगते, एक निर्मात्याचा आणि एक वस्तूचा. त्या जोडीला जुळणारा ड्रायव्हर विंडोज शोधते, ड्रायव्हर कॉम पोर्ट (विंडोजमध्ये सिरीयल पोर्टचं नाव असं, कॉम३, कॉम७) उभा करतो, आणि तेव्हा कुठे एडिटरचा संबंध येतो.

म्हणजे एडिटर साखळीतली शेवटची कडी आहे. साखळी कुठे तुटली हे शोधायचं तर शेवटून नाही, पहिल्या कडीपासून यायचं.

आता हे करा. व्हीएस कोड बंद करा. विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर उघडून समोर ठेवा, लॅपटॉपचा आवाज चालू ठेवा. बोर्ड लावा, पाच सेकंद थांबा, काढा, परत लावा. या वेळी तुम्हाला फक्त एकच गोष्ट बघायची आहे: लावताना आणि काढताना त्या यादीत काही हलतं का? ‘टुडुंग’ असा आवाज येतो का? एवढ्यावरून आपण तीनपैकी एका वाटेला लागतो. काहीच हललं नाही, ही पहिली. पिवळं उद्गारचिन्ह घेऊन काहीतरी उगवलं, ही दुसरी. ‘पोर्ट्स’ या मथळ्याखाली व्यवस्थित कॉम क्रमांक आला, ही तिसरी. या तिन्हींची औषधं पूर्ण वेगळी आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. ड्रायव्हर बसवून केबल दुरुस्त होत नाही, आणि केबल बदलून ड्रायव्हर येत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला पहिल्या वाटेची दाट शंका आहे: दिवा लागतो, पण लॅपटॉप गप्प. असं असेल तर आधी केबल. मी गेली बरीच वर्षं पुण्यात मुलांना हे बोर्ड शिकवते आहे. अगदी पहिल्या कार्यशाळेत मी मुलांना सांगितलं होतं, ‘घरून मोबाइलची केबल आणा.’ दुपारपर्यंत निम्म्या टेबलांवर बोर्ड दिसत नव्हते. आम्ही ड्रायव्हर बसवत राहिलो, संगणक रीस्टार्ट करत राहिलो, पूर्ण सत्र वाया गेलं. संध्याकाळी एक केबल कापून पाहिली तर आत दोनच तारा. ट्रिमर, ब्लूटूथचे इअरफोन, छोटे पंखे, दिवे यांच्यासोबत येणाऱ्या केबली पुष्कळदा अशाच असतात. त्यांना फक्त चार्जिंग करायचं असतं, म्हणून डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून ओळखू येत नाही. जाड आहे, चांगली दिसते, महाग आहे, यातलं काहीही प्रमाण धरू नका.

खात्री करायची एकच रीत: त्याच केबलने एखादा जुना मायक्रो-यूएसबी फोन लॅपटॉपला जोडा आणि त्यातला एक फोटो लॅपटॉपवर आणा. फोटो आला तर केबलमध्ये डेटा आहे. नुसतं ‘चार्जिंग’ दिसलं तर फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय निवडून पुन्हा पाहा, आणि तरीही काही नाही आलं तर ती केबल प्रकल्पातून बाद. माझ्याकडे पारखलेल्या केबलींना हिरवी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते आणि बाद झालेल्या सरळ कापून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाचा दिवस जात नाही. केबल शक्यतो एक मीटरच्या आतली घ्या.

तुमचा डेव्हकिट टाइप-सी सॉकेटचा असेल तर आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे, जी नवख्यांना तासन्‌तास छळते. टाइप-सीच्या सॉकेटमध्ये सीसी नावाच्या दोन पिना असतात आणि त्या प्रत्येकीवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असावा लागतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की लॅपटॉप ते रेझिस्टर आधी तपासतो आणि मगच पाच व्होल्ट सोडतो. काही स्वस्त बोर्डांवर हे दोन रेझिस्टर वगळलेले असतात. मग सी-टू-सी केबलवर बोर्ड पूर्ण मेल्यासारखा, आणि लॅपटॉपकडे जुनं चपटं टोक (टाइप-ए) असलेल्या केबलवर ठणठणीत. अशा वेळी बोर्ड परत पाठवायची गरज नाही, चपट्या टोकाची केबल वापरा.

केबल चांगली निघाली तर सॉकेटकडे वळा. मायक्रो-यूएसबीचं सॉकेट बोर्डावर सोल्डरच्या फार थोड्या टाक्यावर उभं असतं. केबल तिरकी ओढली गेली की डेटाची एखादी पिन पॅडवरून उचलली जाते आणि विजेच्या पिना मात्र टिकून राहतात; दिवा लागतो, ओळख पटत नाही. भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून त्या पाच बारीक पिनांकडे बघा. केबल हलक्या हाताने वर-खाली केल्यावर विंडोजचा आवाज येतो-जातो असं झालं तर दोष तिथेच. तुम्ही कोकणात आहात म्हणून मुद्दाम सांगते: पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या बोर्डांच्या सॉकेटमध्ये हिरवट-पांढरा थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, नीट वाळू द्या, मग लावा. एरवीही बोर्ड हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवायची सवय लावा, कारण हा प्रकल्प तुम्ही खाचरावर नेणार आहात.

यूएसबी हब मध्ये असेल तर काढा आणि थेट लॅपटॉपला लावा. लॅपटॉपचा दुसरा पोर्ट, मग दुसऱ्याचा लॅपटॉप. आणि सर्वांत महत्त्वाचं, बोर्ड ब्रेडबोर्डवरून (जोडण्या खोचायच्या छिद्रांच्या पाटीवरून) उचला. सेन्सर, रिले, डिस्प्ले, सगळं बाजूला. नुसता बोर्ड आणि नुसती केबल. यूएसबी २.० च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअरची अपेक्षा धरायची असते. तुमचा रिले आणि वायफाय दोन्ही एकदम मागायला लागले तर व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होतो. ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ असा शब्द सिरीयल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) दिसला तर हेच कारण.

आता दुसरी वाट, पिवळ्या उद्गारचिन्हाची. इथे घाई करून इंटरनेटवरून मिळेल तो ड्रायव्हर बसवू नका, अंदाजपंचे काही करू नका. त्या नोंदीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे लिहिलेला कोड वाचा. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि कोड ४३ असेल तर लॅपटॉपने ‘तू कोण’ विचारलं आणि उत्तरच आलं नाही, किंवा तुटक आलं. हा ड्रायव्हरचा प्रश्न नाही. क्रमांकच कळला नाही तर ड्रायव्हर कुणासाठी शोधणार? पुन्हा केबल, सॉकेट, टाका, हब याच मार्गाने जा.

कोड २८ असेल तर मात्र आनंद माना. त्याचा अर्थ चिप जिवंत आहे, केबल चांगली आहे, उत्तर आलेलं आहे, फक्त ड्रायव्हर नाही. आता प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्स या टॅबवर जाऊन ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे व्हीआयडी (निर्मात्याचा) आणि पीआयडी (वस्तूचा) असे ते दोन क्रमांक दिसतील, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या कामात यांच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. व्हीआयडी १ए८६ असेल तर चिप डब्ल्यूसीएच या चिनी कंपनीची, आणि सोबत पीआयडी ७५२३ असेल तर ती सीएच३४०. १०सी४ आणि ईए६० म्हणजे सिलिकॉन लॅब्जची सीपी२१०२ किंवा तिची भावंडं. ०४०३ म्हणजे एफटीडीआय, ही यूएसबी चिप बनवणारी आणखी एक कंपनी. २३४१ म्हणजे खुद्द आर्डुइनोचा बोर्ड, ३०३ए म्हणजे एस्प्रेसिफ, २ई८ए म्हणजे रास्पबेरी पाय. तीस पिनांच्या डेव्हकिटवर बहुधा सीपी२१०२ किंवा सीएच३४० असते. ड्रायव्हर घ्यायचा तो चिप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरूनच. ‘मोफत ड्रायव्हर अपडेटर’ असं म्हणणाऱ्या कुठल्याही गोष्टीला हात लावू नका.

दुकानदाराने सांगितलेल्या चिपच्या नावावर विसंबू नका. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत एकाच ढिगातले दोन बोर्ड वेगळ्या चिपचे निघालेले मी पाहिलेत. दुकानदार फसवतो असं नाही, कारखान्यातून जे येतं ते तसंच येतं. म्हणून चिपवरची अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचा, आणि क्रमांकाशी ताडून बघा.

ड्रायव्हर असूनही चालत नाही, असंही होतं, आणि त्यामागे चिपच्या नकलांचा इतिहास आहे. २०१४ मध्ये एफटीडीआयने विंडोजसाठी असा ड्रायव्हर दिला होता की तो नकली चिपचा पीआयडी शून्य करून टाकायचा. कितीतरी लोकांचे चालते बोर्ड एका अपडेटनंतर दिसेनासे झाले. ज्यांनी बोर्ड विकत घेतला त्यांना चिप नकली आहे याची कल्पनाही नव्हती. शिक्षा भलत्यालाच मिळाली असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. सीएच३४० च्या बाबतीत अनुभव असा की काही बोर्डांवर नवा ड्रायव्हर आला की पोर्ट दिसतो पण उघडत नाही, आणि डिव्हाइस मॅनेजरमधून जुन्या आवृत्तीकडे ‘रोल बॅक’ केलं, बहुतेक वेळा ३.५ कडे, की पुन्हा सुरळीत होतो. काल चालत होता आणि विंडोज अपडेटनंतर आज चालत नाही, अशी तक्रार आली की मी आधी इथेच बघते.

तिसरी वाट. कॉम पोर्ट आलाय, तरी एडिटर रुसलेला. इथे आता खरोखर एडिटरकडे वळायची वेळ येते, पण तो पुन्हा बसवायला नव्हे.

सिरीयल पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. आर्डुइनो आयडीईचा सिरीयल मॉनिटर मागे उघडा राहिलाय, पुट्टी हा टर्मिनलचा प्रोग्रॅम चालू आहे, थ्रीडी प्रिंटरचं सॉफ्टवेअर पोर्ट धुंडाळतंय, तर व्हीएस कोडला ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ एवढंच ऐकू येईल. सगळं बंद करा, बोर्ड काढून लावा. नंतर प्लॅटफॉर्मआयओच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये अपलोड पोर्टची ओळ आहे का ते बघा. प्रकल्प मित्राच्या लॅपटॉपवरून आणला असेल आणि त्यात कॉम३ लिहिलेलं असेल, तर तुमच्याकडे तो कॉम७ असला तरी बिचारा एडिटर कॉम३ च शोधत बसेल. ती ओळ पुसा. नसली की प्लॅटफॉर्मआयओ स्वतः पोर्ट शोधतो.

व्हीएस कोडच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘डब्ल्यूएसएल’ असं दिसतंय का, तेही पाहा. दिसत असेल तर तुमचा एडिटर विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये काम करतोय आणि त्या लिनक्सला तुमचे यूएसबी पोर्ट आपोआप मिळत नाहीत. ‘यूएसबीआयपीडी-विन’ नावाचं साधन वापरून ते पोहोचवता येतात, पण दहा दिवसांत सादरीकरण असलेल्याने त्या भानगडीत पडू नये. प्रकल्प साध्या विंडोज फोल्डरमध्ये उघडा. ब्राउझरमधला एडिटर वापरणाऱ्यांसाठी: क्रोम किंवा एज घ्या, कारण त्यांत वेब सिरीयलची, म्हणजे ब्राउझरमधून सिरीयल पोर्ट उघडायची सोय आहे. मॅकवाल्यांनी नवीन लॅपटॉपवर ‘अ‍ॅक्सेसरी जोडू द्यायची का’ हा प्रश्न चुकून नाकारला नाही ना, हे आधी आठवावं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत उबुंटू असेल तर तिथे दोन वेगळे अडथळे आहेत. एक, पोर्ट उघडायचा अधिकार ‘डायलआउट’ गटाला असतो. तुमचं खातं त्या गटात घालून घ्या, आणि मग पूर्ण लॉगआउट होऊन परत या. नुसतं टर्मिनल बंद-चालू करून भागत नाही आणि इथे पुष्कळ जण फसतात. दुसरा अडथळा उबुंटू २२.०४ वर ठळकपणे समोर आला: सीएच३४० चा बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर येतो आणि नाहीसा होतो. कर्नलचे संदेश पाहिले तर ‘ब्रेलटीटीवाय’ हे नाव दिसतं. हा प्रोग्रॅम अंध व्यक्तींच्या ब्रेल डिस्प्लेसाठी आहे. काही ब्रेल डिस्प्लेंमध्येही हीच सीएच३४० चिप हाच क्रमांक घेऊन बसलेली असते, म्हणून तो तुमच्या बोर्डाला ब्रेल डिस्प्ले समजून ताब्यात घेतो. जिथे तिथे सल्ला मिळतो की तो प्रोग्रॅम काढून टाका. स्वतःच्या लॅपटॉपवर गरज नसेल तर काढा. पण प्रयोगशाळेच्या सामायिक संगणकावरून काढू नका. उद्या तिथे ब्रेल डिस्प्ले घेऊन एखादा विद्यार्थी येईल आणि त्याला संगणकच वापरता येणार नाही. यूडेव्हच्या (जोडलेलं उपकरण ओळखणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या) नियमांत फक्त त्या एका क्रमांकाची ओळ निष्क्रिय करता येते; प्रयोगशाळा सहायकांकडून ती करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पोर्ट दिसला, उघडलाही, आणि अपलोड करताना ‘कनेक्टिंग’पुढे टिंबांची रांग लागून ‘फेल्ड टू कनेक्ट टू ईएसपी३२’ आलं, तर तुम्ही जवळजवळ घरी पोहोचलात. आता बोर्ड दिसण्याचा प्रश्न संपला, त्याला जागं करण्याचा उरला. ईएसपी३२ रीसेट होताना जीपीआयओ० ही पिन खाली, म्हणजे ग्राउंडला असेल, तरच तो नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार होतो. नाही तर जुनाच चालवतो. डेव्हकिटवर दोन ट्रान्झिस्टर असतात, ते यूएसबी चिपच्या डीटीआर आणि आरटीएस या दोन रेषांवरून रीसेट आणि जीपीआयओ० यांचा हा मेळ आपोआप साधतात. स्वस्त बोर्डांवर, विशेषतः विंडोजमध्ये, वेळेचं हे गणित चुकतं. टिंबं सुरू झाली की बोर्डावरचं ‘बूट’ बटण दाबून धरा, टक्के दिसायला लागले की सोडा. दर वेळी असं करावं लागत असेल तर ईएन (रीसेटची पिन) आणि ग्राउंड यांच्यामध्ये १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. इलेक्ट्रोलिटिक असेल तर धन टोक ईएनला.

‘राँग बूट मोड’ असा संदेश आला तर तुमच्याच जोडण्या तपासा. पाण्याच्या पातळीचा सेन्सर कुठल्या पिनवर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जीपीआयओ० आणि २ या पिना सुरू होतानाच्या क्षणी महत्त्वाच्या असतात, आणि १२ तर फार नाजूक: सुरू होताना ती वर ओढली गेली तर चिप फ्लॅश मेमरीला १.८ व्होल्ट द्यायला जाते, आणि ३.३ व्होल्टची फ्लॅश अर्थातच चालत नाही. टीएक्स० आणि आरएक्स० म्हणजे जीपीआयओ १ आणि ३ वर काही जोडलं असेल तर ते यूएसबी चिपच्याच बोलण्यात तोंड घालतं. सेन्सर ३२, ३३ किंवा ३४ वर न्या. मध्येच, म्हणजे चाळीस-पन्नास टक्क्यांवर अपलोड तुटत असेल तर वेग ११५२०० वर आणा.

तुमच्या वर्गात दुसऱ्या गटाकडे आर्डुइनो नॅनोच्या नकला असतील आणि त्यांना ‘नॉट इन सिंक’ दिसत असेल, तर प्रोसेसरच्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडायला सांगा. बूटलोडर म्हणजे नवा प्रोग्रॅम आत घेणारा चिपवरचा छोटा प्रोग्रॅम; जुना ५७६०० च्या वेगाने बोलतो, नवा ११५२०० ने. एवढाच फरक.

काही बोर्डांवर वेगळी यूएसबी चिपच नसते: रास्पबेरी पाय पिको, आर्डुइनो लिओनार्डो, आणि ईएसपी३२-एस३ किंवा सी३ चे काही बोर्ड. त्यांतल्या पिको आणि लिओनार्डोवर तर यूएसबीचा पोर्ट मुख्य चिपवर चालणारा प्रोग्रॅमच उभा करतो. म्हणून तुमचा प्रोग्रॅम अडकला तर पोर्टही गायब, आणि मुलांना वाटतं बोर्ड जळला. पिकोवर बूटसेल बटण दाबून धरून केबल लावा, ‘आरपीआय-आरपी२’ नावाचा ड्राइव्ह दिसेल. तो दाखवणारा बूटलोडर चिपच्या रॉममध्येच आहे, तो कुणालाही पुसता येत नाही. त्या ड्राइव्हवर मायक्रोपायथनची (छोट्या बोर्डांसाठीच्या पायथनची) यूएफ२ फाइल टाकली की थॉनी या एडिटरला पिको पुन्हा दिसतो. लिओनार्डोवर रीसेट दाबल्यावर सुमारे आठ सेकंद बूटलोडरचा पोर्ट जिवंत असतो, तेवढ्यात अपलोड पोहोचवायचं. एस३ वर बूट धरून रीसेट दाबा, आणि आर्डुइनोच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी सीडीसी ऑन बूट’ चालू आहे ना ते बघा.

तुमचा बोर्ड खरोखर खराब आहे का, याचं उत्तर मिळवायची एक स्वस्त चाचणी आहे, पोर्ट येत असेल तर. ईएन पिन जंपरने ग्राउंडला जोडा, म्हणजे ईएसपी३२ झोपलेला राहील. टीएक्स० आणि आरएक्स० एकमेकांना जोडा. सिरीयल मॉनिटर उघडून काही अक्षरं टाइप करा. तीच अक्षरं परत दिसली तर लॅपटॉप, केबल, ड्रायव्हर आणि यूएसबी चिप हे सगळे निर्दोष, आणि शंका उरली ती मुख्य चिपवर किंवा तुमच्या जोडण्यांवर. अक्षरं परत आली नाहीत तर यूएसबी चिपच्या बाजूला दोष आहे. तेव्हाही बोर्ड फेकू नका. दीड-दोनशे रुपयांच्या आसपास मिळणारं सुटं यूएसबी-सिरीयल मॉड्यूल, ३.३ व्होल्टच्या पातळीवर ठेवून, टीएक्स आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला असं उलटसुलट जोडा, ग्राउंड जोडा, बूट धरून ईएन दाबा, आणि त्याच बोर्डावर अपलोड करा. बोर्डाला वीज त्याच्या स्वतःच्या यूएसबीतूनच द्या, तिथला दिवा तर लागतोच आहे.

आज रात्री तुम्ही फक्त एवढंच करा: बोर्ड ब्रेडबोर्डवरून काढा, फोनचा फोटो येतो अशी केबल शोधा, डिव्हाइस मॅनेजर उघडून लावा. यादीत जे दिसेल ते, हार्डवेअर आयडीची ओळ जशीच्या तशी, आणि सॉकेटजवळच्या चिपचा जवळून काढलेला फोटो मला पाठवा. काहीच हललं नाही तर तसं लिहा, तीही माहितीच आहे. सेन्सरची जोडणी कागदावर काढून तिचाही फोटो टाका, म्हणजे जीपीआयओ १२ चा प्रश्न मी आधीच बघून ठेवते.